सोळा घरांतील स्वर : प्रस्तावना

वाद्य वाजविणे आणि संगीत लिहून ठेवणे ही दोन कर्मे शतकानुशतके भिन्न हातांनी होत आली. ज्याने लिहिले त्यास आपले लिखाण कानी पडण्यासाठी वादकाची वाट पाहावी लागे, आणि ज्याने वाजविले त्याचे वादन मैफल उठताच श्रोत्यांच्या स्मरणाखेरीज अन्यत्र कोठेही शिल्लक राहत नसे. स्टेप सिक्वेन्सर हे जे विद्युद्यंत्र प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे, त्याने ही फारकत मिटविली. त्याच्या दर्शनी पृष्ठावर आठ, सोळा किंवा चौसष्ट घरांची ओळ असते. प्रत्येक घर म्हणजे कालाचा एक समान खंड. ज्या घरात स्वर नोंदविला असेल तेथे तो वाजतो, जे घर रिकामे तेथे यंत्र मौन पाळते, आणि शेवटचे घर ओलांडताच पुन्हा पहिल्या घरावर येऊन तीच ओळ अखंड म्हणत राहते. मिनिटास १२० ठोक्यांची गती ठेवली आणि एका ठोक्याची चार घरे मानली, तर एका घराच्या वाट्यास सेकंदाचा आठवा भाग येतो आणि सोळा घरांचे आवर्तन दोन सेकंदांत पुरे होते. या दोन सेकंदांत काय लिहावे, लिहिलेले ऐकून त्यात कोणता बदल करावा आणि कोठे हात आवरता घ्यावा, एवढाच वरकरणी या विद्येचा विस्तार आहे; परंतु त्या एवढ्याशा क्षेत्रात गेल्या साठ वर्षांत जगभरच्या संगीतकारांनी जे शोधले, ते मराठीत व्यवस्थितपणे मांडणारा ग्रंथ माझ्या पाहण्यात आजवर आला नव्हता, आणि म्हणूनच ग्रंथकर्त्यांनी प्रस्तावनेचे काम सोपविले तेव्हा ते मी आनंदाने पत्करले.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट आहे. पॅटर्न, म्हणजे घरांत लिहिलेली स्वरांची ओळ, भरणे ही या विद्येची केवळ नांदी होय. तिचे खरे स्वरूप दुरुस्तीत प्रकट होते. नवशिक्याच्या हाती यंत्र दिले तर तोही पाच मिनिटांत सोळा घरे भरतो, आणि ती ओळ पहिल्या दहा आवर्तनांपर्यंत कानास गोडही वाटते. पण त्यानंतर तिचा एकसुरीपणा जाणवू लागतो, आणि तेथून पुढे जो कानाने ऐकून एकेका घरास हात घालतो, एखादा स्वर लांबवितो, एखादा आखडता घेतो, एखादे घर निर्धाराने रिकामे करतो, तोच या यंत्राचा वादक म्हणविण्यास पात्र ठरतो. महसुली दप्तरात सातबाऱ्याच्या उताऱ्यापेक्षा फेरफाराची नोंदवहीच जमिनीची हकीकत अधिक खरेपणाने सांगते, तद्वत् कोणत्याही पॅटर्नचे मोल त्यात झालेल्या फेरफारांवरून ठरते. प्रस्तुत ग्रंथाचा भर याच फेरफारांवर आहे, आणि माझ्या मते तो यथायोग्य आहे.

मराठी वाचकास हे यंत्र परके वाटण्याचे वास्तविक कारण नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी आपल्या क्रमिक पुस्तक मालिकेत शेकडो बंदिशी ज्या लिपीत छापल्या, ती लिपी म्हणजे कागदावर आखलेली घरांची ओळच होय. तेथे एका मात्रेस एक घर आहे. विभागांच्या मध्ये उभी रेघ आहे. खाली सम, टाळी आणि खाली यांची चिन्हे आहेत. स्वर पुढच्या मात्रेत लांबवावयाचा असल्यास तेथे आडवी रेघ आहे, आणि एकाच मात्रेत दोन, तीन किंवा चार स्वर बसवावयाचे असल्यास त्यांच्या खाली अर्धचंद्र आहे. आता सिक्वेन्सरकडे पाहावे. आडव्या रेघेचे काम येथे टाय करतो, म्हणजे आधीच्या घरातील स्वर न तोडता पुढच्या घरात नेतो. अर्धचंद्राचे काम रॅचेट करतो, म्हणजे एकाच घरात तोच आघात दोनदा, तीनदा, चारदा उमटवितो. आणि सम म्हणजे पहिले घर, ज्यावर यंत्र प्रत्येक आवर्तनास निरपवादपणे परत येते. ज्याने गुरूजवळ बसून त्या पुस्तकांतील एक तरी बंदिश मात्रा मोजीत उतरविली आहे, त्यास या यंत्राचे व्याकरण नव्याने शिकावे लागत नाही. भेद एकच, आणि तो मूलगामी आहे: कागदावरील लिपी गायकाच्या विवेकावर पुष्कळ काही सोडून देते, यंत्र मात्र लिहिले तेवढेच आणि लिहिले तसेच वाजविते. स्वराची आस, त्याचे वजन, मात्रेच्या किंचित अलीकडे वा पलीकडे पडण्याची त्याची लकब, हे सारे कागदावर लिहिण्याची गरज कधी पडली नाही, कारण ते गळ्यात आणि हातात होते. येथे मात्र ते अक्षरशः लिहावे लागते, आणि न लिहिल्यास त्याची उणीव पहिल्याच आवर्तनात उघडी पडते.

या यंत्राची वंशावळ दूरवर जाते. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी पाण्याच्या बळावर चालणाऱ्या बासरीचे वर्णन केले असून तिचे स्वर फिरत्या दंडगोलावर बसविलेल्या खुंट्यांनी ठरत. पुढे युरोपातील घंटांचे मनोरे, हाताने फिरवावयाचे ऑर्गन आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा पियानोला यांनी तेच तत्त्व धातू, लाकूड आणि छिद्रांकित कागद यांत उतरविले. परंतु या सर्वांत एक मोठी अडचण होती. लिहिलेले सहजी पुसता येत नसे. खुंटी उपटणे किंवा कागदाचे छिद्र बुजविणे हे कारागिराचे काम होते, वादकाचे नव्हे. विद्युत्‌युगाने ही अडचण दूर केली, आणि तेथून पुढे जे संप्रदाय निर्माण झाले त्यांतील भेद मुख्यतः एकाच प्रश्नाच्या उत्तरात आहे, तो प्रश्न म्हणजे लिहिलेले बदलावे कसे.

पहिला संप्रदाय खुंट्यांचा, म्हणजे फिरविण्याच्या बटणांचा. १९६० च्या दशकाच्या मध्यास कॅलिफोर्नियात डॉन बुखला यांनी आणि त्यानंतर लवकरच न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग यांच्या कारखान्याने जी यंत्रे बनविली, त्यांत प्रत्येक घराच्या डोक्यावर एक बटण होते आणि त्याच्या फिरण्याने त्या घरातील विद्युद्दाब, पर्यायाने स्वराची उंची ठरत असे. मूगच्या ९६० क्रमांकाच्या यंत्रात अशा आठ घरांच्या तीन ओळी होत्या. येथे स्मृती नाही, साठवण नाही; बटणे जशी आहेत तोच पॅटर्न, आणि वाजत असतानाच हात घालणे हीच दुरुस्ती. या जुन्या पद्धतीत एक गुण असा आहे की ज्याचे महत्त्व पाश्चात्त्य लेखकांपेक्षा आपणांस अधिक जाणवावे. बटणाच्या फिरण्यास बारा स्वरांचे बंधन नसते. शुद्ध गांधार तानपुऱ्याच्या षड्जातून जसा आपोआप उमटतो तसा हवा असेल, तर तो पेटीच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे एका अर्धस्वराच्या सातव्या हिश्श्याइतका उतरा लागतो. अंकांत स्वर नोंदविणाऱ्या बहुतेक यंत्रांत त्यासाठी निराळी तजवीज करावी लागते, पण बटणाच्या यंत्रात तो कानाने ऐकत बोटाने लावता येतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूगची यंत्रसामग्री आली आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साह्याने तेथे विद्युत्‌संगीताची प्रयोगशाळा उभी राहिली, तेव्हा भारतीय संगीतकारांच्या हाती हे साधन प्रथमच विसावले. ती प्रयोगशाळा थोड्याच वर्षांत थंडावली, ही आपल्या संगीताच्या इतिहासातील एक मोठी हानी होय असे मी मानतो.

दुसरा संप्रदाय आकड्यांचा. १९७७ साली रोलँड या जपानी कंपनीने एमसी-८ नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यात प्रत्येक स्वराची उंची, पुढील स्वरापर्यंतचे अंतर आणि प्रत्यक्ष वाजण्याचा अवधी हे तिन्ही तपशील अंकांनी भरावे लागत. काम हिशेबनीसाचे, पण त्यातून मिळणारी अचूकता बटणे फिरविण्याच्या यंत्रांत नव्हती. स्वराचे अंतर आणि स्वराचा अवधी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा या संप्रदायाने शिकविलेला धडा आजही तितकाच उपयोगी आहे. पुष्कळ नवशिक्यांच्या पॅटर्नमध्ये सगळे स्वर बरोबर असूनही काहीतरी खटकते, ते त्यांनी अवधीच्या रकान्यास कधी हातच लावलेला नसतो म्हणून. तिसरा संप्रदाय सोळा बटणांचा: १९८० सालच्या रोलँड टीआर-८०८ या तालयंत्रात सोळा बटणांची रंगीत ओळ आली, आणि ती इतकी लोकप्रिय झाली की आज स्टेप सिक्वेन्सर म्हटले की तेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. चौथा संप्रदाय वाजवून नोंदविण्याचा. रॉजर लिन यांनी आखलेल्या आणि अकाई कंपनीने १९८८ साली काढलेल्या एमपीसी-६० या यंत्रात वादक पॅडवर हाताने वाजवितो आणि यंत्र त्याचे आघात जवळच्या घरात सरकवून बसविते. शिवाय जोडीतील दुसरे घर किंचित उशिरा वाजविण्याची जी स्विंग नावाची सोय लिन यांनी रूढ केली, तिने यंत्राच्या चालीस झोल दिला. पाचवा संप्रदाय स्वीडनच्या इलेक्ट्रॉन कंपनीचा, ज्याने २००१ च्या मशीनड्रमपासून प्रत्येक घरास केवळ स्वरच नव्हे तर त्या स्वराचा संपूर्ण स्वभाव, त्याची तीव्रता, घुमारा आणि पडदा, स्वतंत्रपणे बांधून ठेवण्याची मुभा दिली. त्याच घराण्याच्या पुढील यंत्रांत अमुक घर चार आवर्तनांतून एकदाच वाजावे अशी अटही लिहिता येते. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांनी मिळून स्वीकारलेल्या मिडी या तहनाम्याने त्यानंतरची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली. त्यात एका ठोक्याचे २४ स्पंद ठरले, आणि म्हणून एका घरास सहा स्पंद येतात, हा हिशेब प्रत्येक अभ्यासकाने ध्यानात ठेवावा.

या इतिहासात महाराष्ट्राचे एक मानाचे पान आहे, आणि ते दीर्घकाळ विस्मरणात पडलेले होते. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात गिटार आणि बेस वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची एक तबकडी ध्वनिमुद्रित केली, ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाची, एच. एम. व्ही. ने ती प्रसिद्ध केली, परंतु श्रोत्यांनी तिची फारशी दखल घेतली नाही. तिच्यातील साधने तीन: टीआर-८०८ हे तालयंत्र, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, आणि रोलँडचेच टीबी-३०३ हे बेसचे लहानसे यंत्र. हे शेवटचे यंत्र गिटारवादकास सरावासाठी बेसची साथ मिळावी म्हणून काढले होते, पण त्याची भरणा करण्याची रीत इतकी आडवळणाची होती की ग्राहक कंटाळले. त्यात आधी सर्व स्वर एका रांगेत भरावयाचे, मग निराळ्या अवस्थेत जाऊन त्यांचा काल भरावयाचा, आणि मग प्रत्येक स्वरावर आघात हवा की नाही आणि पुढील स्वराकडे घसरत जावयाचे की नाही याची नोंद करावयाची. १९८४ च्या सुमारास कंपनीने त्याचे उत्पादन थांबविले. पुढे १९८७ साली शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये तेच यंत्र वापरले आणि त्यातून एक संपूर्ण संगीतप्रकार जन्मास आला. २०१० साली चरणजित सिंगांची तबकडी युरोपात पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईच्या एका वादकाने हाच नाद निर्माण केला होता हे पाहून जाणकार थक्क झाले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत का होईना, परदेशी श्रोत्यांचा सन्मान त्यांच्या पदरी पडला.

कोण आधी आणि कोण नंतर हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे आहे ते त्या तबकडीतील पॅटर्न कसे घडले हे. भैरवी, ललित, तोडी, मालकंस यांसारख्या रागांस आपापल्या स्वरांची शिस्त असते; मालकंसात ऋषभ आणि पंचम यांस प्रवेश नाही, आणि सोळा घरांच्या बेसच्या ओळीत चुकून एकदा पंचम पडला तर तो दर दोन सेकंदांस परत परत पडणार. गायकाची चूक एका क्षणाची असते, यंत्राची चूक आवर्तनाची. म्हणून रागाचा अभ्यास असलेल्या माणसाची दुरुस्ती डोळ्यांत तेल घालून केलेली असते. दुसरे असे की ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी सोय आहे ती मींड नव्हे, तिचा अवधी ठरलेला आहे आणि तो वादकास बदलता येत नाही. तथापि कोणत्या दोन स्वरांमध्ये ती ठेवावी आणि कोठे ठेवू नये याची निवड रागाच्या चलनास धरून केली, तर त्या यांत्रिक घसरणीतही रागाची ओळख पटते. सिंगांच्या तबकडीत ती पटते. सर्जनाचा वाव फार थोडा असता निवडीचे सामर्थ्य किती मोठे ठरते, याचा इतका स्वच्छ दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

तालाच्या बाबतीत तर आपली परंपरा आणि हे यंत्र यांची गाठ अधिकच जवळून पडते, आणि तिच्यातील एक फसवा योगायोग येथेच उघड करून ठेवणे आवश्यक आहे. त्रितालाच्या मात्रा सोळा, यंत्राची घरे सोळा. साहजिकच नवशिका एका मात्रेस एक घर देतो आणि अडचणीत सापडतो. कारण यंत्र चार घरांचा एक ठोका मोजते, त्यामुळे मिनिटास १२० मात्रांची मध्यलय हवी असल्यास यंत्राची गती ३० वर आणावी लागते, आणि पुष्कळ यंत्रे त्याखाली उतरतच नाहीत, मग विलंबिताचे नावच नको. शिवाय तिरकिटासारखा चार अक्षरांचा बोल एका घरात मावत नाही. याउलट एका मात्रेस चार घरे द्यावीत. मग यंत्राची गती आणि तालाची लय एकच होते, तिरकिटाची चार अक्षरे चार घरांत सुखाने बसतात, आणि सोळा घरांचा एक पॅटर्न म्हणजे त्रितालाचा एक विभाग ठरतो. असे चार पॅटर्न साखळीत ओवले की चौसष्ट घरांत आवर्तन पूर्ण होते.

आता दुरुस्तीची खरी गंमत पाहण्यासारखी आहे. तबला आणि डग्गा यांच्या दोन स्वतंत्र ओळी कराव्यात. पहिल्या विभागात धा धिं धिं धा भरावे आणि त्याच्या तीन नकला कराव्यात. त्रितालाच्या ठेक्यात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याचा घुमारा नसतो; धिं चे तिं होते, धा चे ता होते, आणि हाच खालीचा प्रदेश. म्हणजे तिसऱ्या विभागातील शेवटच्या तीन मात्रांवरून आणि चौथ्यातील पहिल्या मात्रेवरून डग्गा पुसला की संपूर्ण ठेका सिद्ध होतो. चार ठिकाणी पुसणे, एवढेच काम. भरण्यापेक्षा पुसण्याने ताल घडतो हे येथे प्रत्यक्ष दिसते. तरीही काम संपलेले नाही, कारण पहिला आणि दुसरा विभाग आता हुबेहूब सारखे आहेत आणि ऐकणाऱ्यास सम कोठे आहे हे कळत नाही. समेचे वजन वाढवावे लागते. ज्या यंत्रात १ ते १२७ पर्यंत वजनाची मोजपट्टी आहे तेथे ते थोडेसे वाढवावे, आणि ८०८ सारख्या यंत्रात, जेथे आघाताची एकच ओळ सर्व वाद्यांस एकदम लागू होते, तेथे तबला उठविताना डग्गाही उठतो हे ध्यानी ठेवून बाकीची तीव्रता आधी उतरवून घ्यावी. केहरवा, दादरा यांत घरांचा हिशेब सोपा आहे. रूपकाच्या सात मात्रा, मात्रेस दोन घरांच्या हिशेबाने, चौदा घरांत बसतात, शेवटचे घर चौदावे असा हुकूम यंत्रास दिला की झाले. झपतालाच्या दहा मात्रांना मात्र त्याच हिशेबाने वीस घरे लागतात, आणि सोळा घरांच्या यंत्रात दहा-दहांचे दोन तुकडे जोडावे लागतात. ज्या यंत्रात प्रत्येक ओळीची लांबी निराळी ठेवता येते तेथे सोळा घरांच्या ओळीवर चौदा घरांची दुसरी ओळ सोडली तर दोहोंची सम ११२ घरांनंतर एकत्र येते. हे गणित लयकारी जाणणाऱ्या कोणाही तबलजीस बोटांवर करता येईल, आणि ते त्याने यंत्रावर ऐकावे अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

हे सर्व आजच, आणि आमच्या भागात, का सांगावयाचे याचाही खुलासा करणे प्राप्त आहे. माजरी हे भद्रावती तालुक्यातील कोळसाखाणींचे आणि रेल्वे जंक्शनचे गाव; वर्धा-बल्लारशा मार्गावरून वणी-आदिलाबादकडे जाणारा फाटा येथे फुटतो, आणि खाणींच्या निमित्ताने तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी बोलणारी कुटुंबे मराठी शेजाऱ्यांसह वसाहतींत नांदतात. अशा गावात गणेशोत्सव आणि नवरात्र आले की वाद्यांस उसंत नसते. पूर्वेस झाडीपट्टीचा मुलूख लागतो. तेथे दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांच्या निमित्ताने रात्र-रात्र नाटके रंगतात, वडसा येथे नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड असते, आणि या रंगभूमीवरील सेवेसाठी गडचिरोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्या नाटकांत आणि विदर्भाच्या गावोगावी निघणाऱ्या धुमाल वाद्यपथकांत आता ऑर्गन, तबला, ढोल-ताशे यांच्या जोडीस कॅसिओ आणि पॅड आलेले आहेत. कारखान्यातून भरून आलेले ठेके बटण दाबताच सुरू होतात, आणि गाण्याची चाल कोणतीही असो, तिच्या पाठीमागे जपानात बसविलेली तीच लय चालू लागते. कारखान्याचा ठेका वाईट नसतो; तो कोणाचाच नसतो, एवढाच त्याचा दोष. ज्या वादकाच्या हातात रात्रीच्या अंधारात दंडार या लोकनृत्याची चाल सहज येते, त्याने ती यंत्रात उतरविण्याऐवजी यंत्राच्या चालीस आपला हात जुळवून घ्यावा, हा व्यवहार उलटा आहे आणि तो सरळ करता येण्याजोगा आहे. त्याच कॅसिओंपैकी कित्येकांत स्वतःचा ठेका भरण्याची सोय असते. ती कोठे आहे हे कोणी दाखवून दिलेले नसते.

साधनांची किंमत आता आड येत नाही असे मी म्हणणार नाही, कारण कोणतेही वाद्य सामान्य घरास स्वस्त नसते. पण सेलवर चालणारी लहान यंत्रे आणि जुन्या बाजारातील यंत्रे यांमुळे एका वादकाच्या आवाक्यात जे आहे ते चाळीस वर्षांपूर्वी स्टुडिओच्याच आवाक्यात होते. याच काळात फोनवर आयते लूप मुबलक झाले, आणि आयते मिळते तेथे शिकण्याची निकड सरते. या दोन प्रवाहांमध्ये आजचा तरुण वादक उभा आहे. त्याच्या हाती बदलण्याची विद्या द्यावी, हा ग्रंथकर्त्यांचा हेतू मला अत्यंत मोलाचा वाटतो.

ग्रंथाच्या मर्यादा ग्रंथकर्त्यांनी स्वतःच आखून घेतल्या आहेत. संगणकावरील संगीताचा विचार येथे नाही. एखाद्या विशिष्ट कंपनीच्या यंत्राची माहितीपुस्तिका हेही याचे स्वरूप नाही. बटणांची नावे यंत्रागणिक बदलतात, परंतु घर भरणे, लांबविणे, तोडणे, सरकविणे, उलटविणे, नक्कल करणे, साखळी करणे आणि जतन करणे ही कृत्ये सर्वत्र तीच आहेत, म्हणून विवेचन कृत्यांच्या अनुरोधाने केले आहे. जतन करण्याच्या प्रकरणाकडे वाचकाने विशेष लक्ष पुरवावे अशी माझी विनंती आहे. पुष्कळ यंत्रांत केलेला बदल तात्पुरत्या स्मृतीत राहतो आणि निराळा हुकूम दिल्याखेरीज कायम होत नाही. जुन्या ३०३ ची तर सारी स्मृतीच सेलांच्या आधारावर उभी होती, सेल उतरले की दप्तर कोरे. ज्या मंडपाची वीज जनरेटरवर अवलंबून आहे तेथे हे ज्ञान रागज्ञानाइतकेच आवश्यक आहे.

एका मुद्द्यावर मात्र ग्रंथकर्त्यांशी माझा मतभेद आहे आणि तो नोंदविण्याची मुभा त्यांनीच मला दिली. स्वर घराच्या किंचित मागेपुढे सरकवून यंत्रास माणसाची चाल द्यावी, यावर त्यांनी पुष्कळ भर दिला आहे. एका ठोक्याचे ९६ भाग करणाऱ्या यंत्रात १२० च्या गतीस एक भाग सुमारे पाच मिलिसेकंदांचा होतो, आणि दोन-तीन भागांच्या सरकण्याने ठेक्याचा स्वभाव पालटतो, हे निर्विवाद. परंतु नवशिक्याने हे अस्त्र लवकर हाती घेऊ नये. आधी सरळ घरांत, केवळ वजन आणि अवधी यांच्या बळावर ठेका जिवंत करून दाखवावा. तो झाल्यावरही जे उणे वाटेल तेवढेच सरकवावे. अन्यथा ढिसाळपणास झोल समजण्याची सवय जडते आणि ती पुढे सुटत नाही. तसेच यंत्र तबलजीच्या जागी बसवावे असे या ग्रंथात कोठेही सुचविलेले नाही. ते सरावाची पाटी आणि रचनेचा कागद म्हणून वापरावे, आणि मंचावर आणल्यास वादकाच्या शेजारी आणावे, हीच त्यातील दृष्टी आहे व तिच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे.

एक काम या ग्रंथाने जाणूनबुजून पुढील लेखकांसाठी राखून ठेवले आहे. माडिया आणि गोंड गावांतील रेला नृत्याच्या, ढोलांच्या आणि दंडारीच्या चाली येथे पॅटर्नरूपाने दिलेल्या नाहीत. त्या दुरून ऐकून, ध्वनिमुद्रण थांबवीत-थांबवीत घरांत भरणे अशक्य नव्हते. पण त्या चालींची मात्रागणना आपल्या तालशास्त्राच्या चौकटीत बसते असे गृहीत धरण्याचा अधिकार कोणास नाही, आणि ज्यांची ती चाल आहे त्यांच्या संमतीवाचून व त्यांच्या कानाने तपासून घेतल्यावाचून ती छापणे अनुचित ठरले असते. ते काम ढोल वाजविणाऱ्याच्या अंगणात बसून, यंत्र त्याच्याच हाती देऊन, तो जेथे नाही म्हणेल ते घर पुसत करावे लागेल, आणि त्यावर नाव त्याचे घालावे लागेल. या ग्रंथाचा एखादा वाचक एटापल्ली किंवा भामरागडच्या बाजूचा असेल, तर त्याने ते हाती घ्यावे; पॅटर्न कसा भरावा आणि कसा दुरुस्त करावा याचा सारा तपशील पुढील पृष्ठांत त्याच्यासाठी आहे.

माजरी, जिल्हा चंद्रपूर